मेंढपाळांचे स्थलांतर : कोरड्या मुलखातील एक जाणता व्यवसाय

हैदराबाद शहरातील बरकतपुरा हा भाग काचीगुडा रेल्वे स्थानकास लागूनच आहे. या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी असून, नांदेड-परभणीकडे जाणे-येणे असणाऱ्या मंडळींना येथून निघणारा लोहमार्ग चांगला परिचयाचा आहे. सुगी आटोपल्यानंतरच्या दिवसांत या मार्गाने प्रवास करताना खिडकीतून एक दृश्य हटकून दिसते. कापणी झालेल्या रानात काळ्या, जाड्याभरड्या लोकरीच्या मेंढ्यांचा कळप पसरलेला असतो आणि खांद्यावर घोंगडी टाकलेला मेंढका बांधावर काठी टेकून उभा असतो. निझामाबादच्या बाजूस त्यास कुरुमा म्हणतात, नांदेडच्या पुढे धनगर. मेंढी मात्र दोन्हीकडे एकच, दख्खनी जातीची. दैवतही बहुधा एकच. तेलंगणात ज्यास बिरप्पा म्हणतात तोच महाराष्ट्रात बिरोबा होय.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात मेंढ्यांची सर्वाधिक संख्या तेलंगणात, म्हणजे सुमारे १ कोटी ९१ लक्ष होती. महाराष्ट्रात ती सुमारे २७ लक्ष होती. तरीही हैदराबादच्या जियागुडा येथील मेंढीबाजारात बाहेरच्या राज्यांतूनही जनावरे येत असतात. तेव्हा बरकतपुऱ्यातील गृहस्थाचा माणदेशातील मेंढपाळाशी काही संबंध नाही, असे म्हणता येणार नाही.

या मेंढपाळांविषयी दोन समज रूढ आहेत. हे लोक घरदार नसल्यामुळे भटकतात, हा पहिला. आणि त्यांना एका जागी स्थिर केले म्हणजे त्यांचा प्रश्न सुटेल, हा दुसरा. दोन्ही समज तपासून पाहण्यासारखे आहेत. बहुतेक मेंढपाळांना गाव आहे, घर आहे, पुष्कळांना थोडी कोरडवाहू जमीनही आहे. ते बाहेर पडतात ते पावसाच्या लहरीशी जुळवून घेण्यासाठी. कोरड्या मुलखात चालणे हेच त्यांच्या धंद्याचे भांडवल आहे. ही गोष्ट ध्यानात न घेता आखलेली मदत त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी उपयोगी पडत नाही.

पावसाचा हिशेब

सातारा जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. जिल्ह्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वरी वर्षास ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुका पर्जन्यछायेत असून तेथे सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस होतो, आणि तोही बेभरवशाचा. माणलगतचे आटपाडी, सांगोला, जत हे तालुके याच पट्ट्यात मोडतात. उत्तरेस पारनेरची स्थितीही फारशी निराळी नाही. या रानावर पावसाळ्यात कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते उगवतात आणि ती कसदारही असतात. परंतु हा चारा दिवाळीपर्यंत पुरतो. पुढील सहा-सात महिने कळपाचे पोट भरण्याची त्याची शक्ती नाही.

दिवाळीनंतर मेंढपाळ बाहेर पडतात. कोणी भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात उतरतात, कोणी मराठवाड्याकडे वळतात, तर कोणी सह्याद्रीचे घाट उतरून थेट कोकणात जातात. पारनेर तालुक्यातील ढवळपुरी परिसरातील कळप ठाण्याच्या बाजूस उतरतात, हे त्या भागात सर्वश्रुत आहे. कोकणात त्या वेळी भाताची कापणी झालेली असते. खाचरांत धसकटे, बांधावर गवत, झाडांचा पाला असे खाद्य मिळते. मग वळवाचे ढग दिसू लागताच कळपांची तोंडे पुन्हा देशाकडे वळतात. घर ओढीने बोलावते हे खरेच. पण कारण तेवढेच नाही. दख्खनी मेंढी उन्हात दूरवर चालते आणि निकृष्ट चाऱ्यावर तग धरते, मात्र सततचा ओलावा तिला सोसत नाही. कोकणच्या पावसात तिचे खूर सडतात, पोटात जंत होतात, लोकर भिजून अंगावर राहते. म्हणून मृगाच्या आधी माळावर परतणे हा नियम होऊन बसला आहे.

या फेऱ्यात प्रत्येक मुलूख त्याच्या चांगल्या ऋतूत वापरला जातो आणि वाईट ऋतूत मोकळा राहतो. माळाच्या गवतासही त्यामुळे बी धरण्यास अवसर मिळतो. ज्याने ही व्यवस्था बसविली त्याने कोणतीही पदवी घेतलेली नव्हती.

मेंढ्या बसविणे

प्रवास एकट्यादुकट्याने होत नाही. काही कुटुंबे मिळून एक वाडा होतो. प्रत्येकाचा कळप वेगळा असला तरी मुक्काम एकत्र. कोणत्या वाटेने जावयाचे, कोठे थांबावयाचे हे वाड्यातील जाणते ठरवितात. एकदोघे पुढे जाऊन शिवार पाहून येतात, पाण्याची चौकशी करतात, शेतकऱ्याशी बोलणी करतात. घोड्यांवर बिऱ्हाड लादणे-उतरविणे, पाणी भरणे, मागे राहिलेल्या कोवळ्या कोकरांना सांभाळणे, आजारी मेंढीस पाला चारणे ही कामे स्त्रियांकडे असतात. स्त्रियांच्या श्रमांवाचून वाडा एक मुक्कामही पुढे सरकणार नाही. तथापि योजनांच्या अर्जांवर नाव बहुधा पुरुषाचेच असते, हे नमूद करणे अवश्य आहे.

रात्री कळप शेतात बसवितात. सभोवार वाघर, म्हणजे जाळे लावतात आणि राखणीस कुत्री असतात. लेंड्या व मूत्र दोन्ही जमिनीत मुरतात. कृषिविस्ताराच्या पुस्तकांत शेणखतात नत्राचे प्रमाण साधारण अर्धा टक्का, तर शेळ्या-मेंढ्यांच्या खतात सुमारे ३ टक्के दिलेले असते. दोन्ही खतांतील ओलावा सारखा नसल्याने हा फरक तंतोतंत धरू नये, हे खरे. परंतु उकिरड्यावर उन्हापावसात वाया जाणारे मूत्र येथे जागच्या जागी वापरले जाते, हा लाभ निर्विवाद आहे. खत वाहून नेण्याचा आणि पसरण्याचा खर्चही वाचतो.

याबद्दल शेतकरी पूर्वी धान्य देत असे. आता पुष्कळ ठिकाणी रात्रीच्या हिशेबाने रोख रक्कम ठरते. मेंढपाळास चारा, पाणी, निवारा आणि वर थोडी प्राप्ती होते. करारपत्र नसते. मागील वर्षी आलेला वाडा यंदाही येईल हा शेतकऱ्याचा विश्वास आणि गतवर्षीचे शेत यंदाही मोकळे मिळेल ही मेंढपाळाची अपेक्षा, एवढ्यावर हा व्यवहार पिढ्यान्पिढ्या चालला. दुष्काळात हीच ओळख उपयोगी पडते. अनोळखी गावात कळप घुसविणे आणि वडिलांपासून येणे-जाणे असलेल्या गावात आसरा मागणे यांत मोठे अंतर आहे.

धागे कोठे तुटतात

मेंढपाळाच्या टिकाऊपणाचे हे तीन आधार आहेत : काटक मेंढी, मोकळी वाट आणि शेतकऱ्याशी असलेली देवघेव. गेल्या पन्नास वर्षांत तिन्हींवर ताण आला आहे.

लोकरीची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. दख्खनी लोकर आखूड व खरखरीत. तिचे सूत कातून, ताण्यास चिंचोक्याची खळ देऊन सणगर व खुटेकर मंडळी घोंगडी विणीत. तेलंगणात तिला गोंगडी म्हणतात. ती पावसात पांघरूण, थंडीत अंथरूण आणि देवकार्यात बैठक म्हणून चाले. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांनी तिचे गिऱ्हाईक नेले. आज पुष्कळ ठिकाणी कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. परिणामी मेंढपाळाची सारी मदार मांसासाठी विकल्या जाणाऱ्या नर कोकरांवर येऊन पडली.

वाटेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. धरणांच्या व कालव्यांच्या लाभक्षेत्रात ऊस वाढला, दुबार पिके आली. शेतकऱ्यास त्याबद्दल दोष देता येत नाही. परंतु वर्षभर पीक उभे राहिल्यास मेंढी बसविण्यास शेत रिकामे मिळत नाही. दुसरीकडे माळराने कागदोपत्री ‘पडीक’ म्हणून नोंदली गेली. जी जमीन पडीक ठरली ती कशासही द्यावयास मोकळी, अशा समजुतीने कोठे वृक्षलागवड झाली, कोठे वसाहती, कोठे कारखाने. वास्तविक माळरान म्हणजे नष्ट झालेले वन नव्हे. कमी पावसाच्या मुलखातील ती स्वतंत्र निसर्गरचना असून माळढोक, लांडगा, चिंकारा हे तिचेच रहिवासी आहेत. लांडगा कळपातील कोकरू नेतो आणि मेंढपाळ त्यास शिव्या देतो, तरी ज्या माळावर मेंढ्या फिरतात तेथेच लांडगाही टिकून राहिलेला आढळतो. गावोगावच्या गायरानांवरील अतिक्रमणे हा याच प्रश्नाचा दुसरा भाग होय. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्व राज्यांना निर्देश दिले, हे या संदर्भात स्मरणात ठेवावे.

आता दुष्काळाचा परिणाम आकड्यांत मांडून पाहू. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. शंभर माद्यांचा कळप दुष्काळात मरतुकीने व पडेल भावाने केलेल्या विक्रीने चाळीसवर आला असे धरू. दख्खनी मेंढी बहुधा वर्षास एकच कोकरू देते. चाळीस माद्यांपासून सुमारे बत्तीस कोकरे, त्यांत सोळा माद्या. त्यांतील दोन-तीन दगावल्या, चार म्हाताऱ्या मेंढ्या काढून टाकाव्या लागल्या, तर वर्षाअखेर कळपात निव्वळ भर नऊ-दहाची. या गतीने पुन्हा शंभरावर येण्यास चार-पाच वर्षे हवीत. आणि तेवढ्या काळात घरखर्चासाठी एकही मादी विकता कामा नये. महाराष्ट्रात २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ असे दुष्काळ ओळीने आले. म्हणजे कळप सावरण्याच्या आतच दुसरा फटका बसला. मेंढपाळ आवश्यकतेपेक्षा जास्त जनावरे बाळगतो अशी टीका करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. ती जास्तीची जनावरे त्याच्या विम्याच्या ठिकाणी आहेत.

संकट केवळ कोरडेच असते असेही नाही. डिसेंबर २०२१ च्या आरंभी अवकाळी पाऊस व कडाक्याची थंडी एकाच वेळी आल्याने पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आदी जिल्ह्यांत उघड्या रानात बसलेल्या शेकडो मेंढ्या एका-दोन रात्रींत दगावल्या. अशा वेळी साहाय्य मिळविण्यासाठी पंचनामा लागतो. मेंढपाळ आपल्या तालुक्याबाहेर असतो, कागदपत्रे गावी असतात आणि मेलेली जनावरे तेथेच ठेवून थांबणे शक्य नसते, कारण उरलेला कळप उपाशी असतो. केंद्र शासनाच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठीच्या निकषांत मेंढी किंवा शेळीमागे ४,००० रुपये आणि एका कुटुंबास लहान जनावरांची मर्यादा ३० अशी ठरविण्यात आली. गोठ्यात दोन-चार शेळ्या बाळगणाऱ्यास ही मर्यादा पुरेशी आहे. शंभर मेंढ्या घेऊन चालणाऱ्यास ती तोकडी पडते.

पूर्व आफ्रिकेतील अनुभव

हाच प्रश्न समुद्रापलीकडे फार मोठ्या प्रमाणावर दिसतो. केनिया, इथिओपिया, सोमालिया, टांझानिया या देशांच्या कोरड्या पट्ट्यात मसाई, सांबुरू, तुर्काना, बोराना इत्यादी पशुपालक समाज गाई, उंट, शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरतात. इथिओपिया-केनियाच्या सीमेवरील बोराना लोकांत पावसाळी कुरण आणि उन्हाळी कुरण वेगळे राखण्याची रीत आहे. त्यांच्या खोल विहिरींवर कोणाच्या जनावरांनी कोणत्या दिवशी पाणी प्यावयाचे याची पाळी ठरलेली असते आणि ती सांभाळणारा कारभारी समाजानेच नेमलेला असतो. आपल्याकडील वाड्याच्या कारभाराशी या रीतीचे साम्य सहज लक्षात येईल.

केनियात १९६८ च्या कायद्यान्वये मसाई मुलखात सामूहिक कुरणक्षेत्रे निर्माण करण्यात आली. पुढे त्यांतील पुष्कळ क्षेत्रांची व्यक्तिगत तुकड्यांत वाटणी झाली आणि कुंपणे पडली. प्रत्येकाच्या हाती जमिनीचा कागद आला, पण ज्या वर्षी आपल्या तुकड्यावर पाऊस पडला नाही त्या वर्षी शेजारच्या तुकड्यावर जाण्याची मुभा गेली. २०२० च्या अखेरीपासून या प्रदेशात ओळीने पाच पर्जन्यऋतू कोरडे गेले (तेथे वर्षास दोन पावसाळे असतात) आणि लक्षावधी जनावरे मेली. पाऊस नाही हे दुष्काळाचे कारण खरेच. परंतु जनावरे मरण्यास वाट बंद होणे हेही कारण झाले.

तेथील दोन उपाय आपल्या दृष्टीने विचारार्ह वाटतात. २०१० साली उत्तर केनियातील मार्साबित येथे पशुधनाचा एक निराळा विमा सुरू झाला. यात मेलेली जनावरे मोजीत नाहीत. उपग्रहाद्वारे कुरणाच्या हिरवेपणाचे मोजमाप होते आणि ते ठराविक पातळीखाली गेले की त्या भागातील सर्व विमाधारकांना पैसे मिळतात. पहिली भरपाई २०११ च्या दुष्काळात देण्यात आली. मेंढपाळ कोठे आहे, पंचनामा कोण करील, हे प्रश्नच येथे उद्भवत नाहीत. पुढे भरपाईची वेळ अलीकडे आणण्यात आली, जेणेकरून जनावर मरण्यापूर्वीच चारा-पाणी विकत घेता यावे. अर्थात ही पद्धती निर्दोष नाही. उपग्रहास हिरवी दिसणारी झुडपे मेंढीच्या तोंडास लागतीलच असे नाही.

दुसरा उपाय रोगनिवारणाचा. १८९० च्या सुमारास बुळकांडीच्या साथीने पूर्व आफ्रिकेतील बहुसंख्य गाई नष्ट झाल्या होत्या. त्या रोगाचे निर्मूलन झाल्याची घोषणा जगात २०११ साली झाली. भारत २००६ सालीच रोगमुक्त ठरला होता. आफ्रिकेच्या दुर्गम भागात हे साधले, कारण उष्णतेत टिकणारी लस तयार झाली आणि पशुपालकांतीलच तरुणांना ती टोचण्याचे शिक्षण देण्यात आले. जेथे कळप तेथे लस, असे हे धोरण होते.

आपल्याकडे करण्याजोगे

शेळ्या-मेंढ्यांत पीपीआर हा रोग भारतात प्रथम १९८७ मध्ये तमिळनाडूत आढळला. त्यावरील लस एकदा टोचली असता सुमारे तीन वर्षे संरक्षण देते. आंत्रविषाराची लस मात्र पावसाळ्यापूर्वी दरवर्षी घ्यावी लागते. परतीची वाट आणि लसीची वेळ येथे एकत्र येतात. वाडा घाटावर असेल तर गावच्या दवाखान्यातील लस तशीच पडून राहते. म्हणून लसीकरण गावाच्या यादीनुसार करण्याऐवजी वाटेनुसार करणे श्रेयस्कर. आरेवाडीचा बिरोबा, पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरोबा यांसारख्या यात्रांत मेंढपाळ दुरून जमतात. पशुसंवर्धन खात्याच्या शिबिरांना याहून सोयीचे स्थान शोधून सापडणार नाही.

जातिसुधारणेविषयी सावधपणे लिहावे लागते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोल मेंढीतील जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण सिद्ध केला. वर मांडलेल्या हिशेबात वर्षास एकाऐवजी कधी दोन कोकरे मिळाली तर कळप किती लवकर सावरेल, हे वाचकांनी स्वतः पाहावे. मात्र जुळ्यांना पुरेल एवढे दूध येण्यासाठी मेंढीस अधिक खुराक हवा, आणि मुक्कामागणिक कोकरे उचलून नेणाऱ्यांचे हात मोजकेच असतात. तेलंगणात २०१७ मध्ये शासनाने वीस मेंढ्या व एक नर अशा गटांचे मोठ्या प्रमाणावर वाटप केले. त्यातील बरीच जनावरे नेल्लोर जातीची, केसाळ व मांसल होती. स्थानिक काळी दख्खनी मेंढी मागे पडेल, अशी चिंता तेथील काही मेंढपाळांनी व्यक्त केली. ती अनाठायी नव्हती. मोठे अंग म्हणजे मोठी भूकही असते.

महाराष्ट्रात पुणे येथे १९७८ पासून मेंढी व शेळी विकासाचे महामंडळ कार्य करीत आहे. २०१७ साली सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत स्थायी व स्थलांतरित अशा दोन्ही प्रकारच्या मेंढीपालनाचा समावेश करण्यात आला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. जून ते सप्टेंबर या महिन्यांसाठी चराई अनुदानाची तरतूदही झाली. त्या काळात सर्वत्र पिके उभी असतात आणि मेंढीस शिरण्यास शेत नसते, हे ज्याने ओळखले त्याने व्यवसाय जवळून पाहिलेला असावा. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या व पशुपालक समाजांचे हंगामी चराईचे हक्क नमूद आहेत. तथापि अनेक तालुक्यांतून जाणाऱ्या वाटेचा दावा कोणत्या ग्रामसभेपुढे करावयाचा, हा प्रश्न प्रत्यक्षात अडतो. तो मेंढपाळाने एकट्याने सोडवावा अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. जिल्हास्तरीय अधिकाऱ्यांनी लगतच्या जिल्ह्याशी पत्रव्यवहार करून वाट निश्चित करून देणे शक्य आहे.

शिक्षकांसाठी स्वतंत्रपणे दोन शब्द. वाड्याबरोबर मुलेही जातात. दिवाळीनंतर पटावरील नाव तसेच राहते आणि मूल दिसेनासे होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलास दुसऱ्या शाळेत दाखल होण्याचा अधिकार आहे. पहिल्या शाळेने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो आणि तो येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. ज्या गावी वाडा दरवर्षी महिना-दीड महिना उतरतो, तेथील शिक्षकाने मुक्कामावर एक फेरी मारली तरी कोणते मूल कोणत्या इयत्तेत आहे याची माहिती मिळते. मेंढ्यांची मोजदाद न चुकता करणारे, शेकडो मेंढ्यांतून आपली नेमकी ओळखणारे हे मूल असते. त्यास अंकगणित मुळाक्षरांपासून शिकवावे लागेल असे समजू नये.

ग्रामपंचायतींचा वाटा खर्चाचा नाही. गायरानाचा एखादा तुकडा उतरण्यासाठी मोकळा ठेवणे, हातपंपाजवळ पाण्याचे एक टाके बांधणे, उतरलेल्या वाड्याची व त्याच्या मेंढ्यांची नोंद वहीत करणे, एवढे पुरेसे आहे. ही नोंद पुढे अवकाळीत पंचनाम्यास आधार होते, साथीत पशुवैद्यकास माग दाखविते आणि चोरी झाल्यास पोलिसांनाही उपयोगी पडते. पशुधन विकास अधिकाऱ्यांनी दिवाळीपूर्वी आपल्या तालुक्यातून निघणाऱ्या वाड्यांची यादी, झालेल्या लसींच्या नोंदीसह, ज्या तालुक्यात ते उतरणार आहेत तेथील दवाखान्याकडे पाठवावी. मेंढपाळाच्या आधी त्याचा कागद तेथे पोहोचलेला असावा.